भाऊबीजेला सर्वांना चालेल असा स्टार्टर कोणता?

प्रश्न : यंदाची भाऊबीज आमच्या ठाण्याच्या घरी आहे. माझे दोन्ही भाऊ सहकुटुंब येणार आहेत आणि ह्यांना ओवाळण्यासाठी नणंदही सांगलीहून येणार आहे. नणंदेचे सासर जैन आहे. तिच्याबरोबर तिचे यजमान आणि सासूबाई येतील. ते दोघे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. माझ्या धाकट्या भावाच्या आठ वर्षांच्या मुलीला सिलिॲक आजार असल्यामुळे तिला गहू अजिबात चालत नाही. थोरल्या भावाच्या मुलाने दूध, दही, तूप सोडले आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि त्यांना कवळी आहे. आम्ही मूळचे मालवणचे, त्यामुळे हे आणि माझे दीर माशांशिवाय सण झाला असे मानतच नाहीत. सारी मिळून चौदा माणसे होतात. जेवण रात्री आठला ठरले आहे. मुख्य जेवणाचे मी बघून घेईन, पण सुरुवातीला काय द्यावे हे सुचत नाही. सासूबाई म्हणतात, कोथिंबीर वडी आणि तळलेली कोळंबी करू. हे म्हणतात, पनीर टिक्का मागवू. मला वाटते की प्रत्येकासाठी वेगळी बशी करावी, पण एवढे प्रकार एकटीने कसे करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पदार्थाकडे वळण्याआधी वेळेचा प्रश्न सोडवायला हवा, कारण रात्री आठची वेळ कायम ठेवली तर तुम्ही कोणताही स्टार्टर केला तरी सांगलीहून आलेली दोन माणसे तो नुसता पाहत बसतील. भाऊबीजेच्या सुमारास आपल्याकडे सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, आणि जे सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत त्यांना त्याच्या थोडे आधीच जेवण आटोपून पाणी पिणे सोयीचे असते. भाऊबीजेच्या ओवाळणीसाठी परंपरेने अपराह्णकाळ, म्हणजे दुपार कलतानाची वेळ, योग्य मानली जाते. तेव्हा पाहुण्यांसाठी तुम्ही काही वेगळे करत आहात असेही कोणाला वाटणार नाही. साडेतीनच्या सुमारास ओवाळणी, सव्वाचारला स्टार्टर आणि पाचला पाने मांडणे, असा बेत ठेवावा. सासरे रात्रीच्या जेवणाबरोबर गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, तर त्या दिवशी जेवण लवकर होणार असल्याचे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे आणि रात्री त्यांच्यासाठी काहीतरी हलके राखून ठेवावे.

आता वेगवेगळ्या बश्यांच्या कल्पनेविषयी. तुमच्या मनातली काळजी मला पूर्ण समजते, तरीही ही कल्पना सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण केवळ तुमचे श्रम हे नाही. पंगतीत पान वाढले जाते तेव्हा प्रत्येकाला निवड असते. एखादी भाजी नको असेल तर पानावर हात आडवा धरला की वाढणारा पुढे जातो आणि त्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. स्टार्टर मात्र गप्पांच्या ओघात, उभ्याउभ्या, एकाच ताटातून हाताने उचलून खाल्ला जातो, मुले येता-जाता त्यातले उचलतात आणि एका बशीतला चमचा नकळत दुसऱ्या बशीत जातो. पाच प्रकार मांडले तर आठ वर्षांच्या मुलीला दर वेळी ‘थांब, ते तुझे नाही’ असे कोणीतरी बजावणार, आणि नणंदेच्या सासूबाई प्रत्येक ताटाकडे पाहून यात काय घातले आहे हे विचारण्यापेक्षा काहीच न घेणे पसंत करणार. मुख्य जेवणात वेगवेगळे पदार्थ खुशाल असावेत. पण हा पहिला पदार्थ तरी असा हवा, की जो घरातल्या कोणीही न विचारता उचलावा.

या कसोटीवर घरात सुचवलेले आणि सहज सुचणारे इतर पदार्थ पाहू. पनीर टिक्का तुमच्या भाच्यासाठी बाद होतो, आले-लसणाच्या वाटणामुळे जैन पाहुण्यांसाठी बाद होतो, आणि बाहेरून मागवला तर तो ज्या भट्टीत भाजला गेला त्याच भट्टीत नान आणि कोंबडीही भाजलेली असण्याची शक्यता असते. साबुदाणा वड्यात बटाटा आहे, आणि तो कंद असल्यामुळे जैनांना चालत नाही. दहीवड्यात दूधदुभते आहेच, शिवाय कच्चे दही आणि डाळ एकत्र खाणे अनेक जैन घरांत वर्ज्य मानतात. कोबीची वडी आणि वांग्याचे काप हेही बहुतेक जैन टाळतात. कोबीच्या पानांत बारीक किडे असतात म्हणून आणि वांग्यात बिया फार म्हणून.

कोथिंबीर वडीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ती सासूबाईंनी सुचवली आहे आणि वरवर पाहता ती सर्वांना चालेल असे कोणालाही वाटावे. आले-लसूण वगळून ती करता येईल, पण दोन अडचणी तरीही उरतात. चातुर्मासात अनेक जैन कुटुंबे पालेभाज्या खात नाहीत आणि कित्येक घरांत हा नेम कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालतो. भाऊबीज त्याआधीच येते, म्हणजे कोथिंबीर आणि अळू या दोन्ही वड्या त्या दिवशी शंकेच्या ठरतात. ज्या सासूबाईंनी कांदेनवमीनंतर चार महिने कांदा-लसूण न खाण्याचा नेम स्वतः पाळला असेल किंवा घरात पाळताना पाहिला असेल, त्यांना हे एका वाक्यात पटेल. दुसरी अडचण हिंगाची आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपण डबीतून वापरतो तो हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंग फार उग्र असल्यामुळे त्यात डिंक आणि कोणते तरी पीठ मिसळलेले असते, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. सिलिॲक असलेल्या मुलीसाठी ही चिमूटही जास्त आहे. या आजारात गव्हातल्या आणि जवातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्यामुळे ‘थोडेसे खाल्ले तर काय होते’ हा आपल्या घरांतला प्रेमळ आग्रह या मुलीच्या बाबतीत कटाक्षाने टाळायला हवा. कोणी तसा आग्रह करताना दिसले तर यजमान म्हणून तुम्हीच मध्ये पडावे. ते काम तिच्या आईवर सोडू नये.

माझी सूचना अशी, की कच्च्या केळ्याचे काप करावेत. तुमच्या मालवणी घराला हा पदार्थ नवा नाही. कोकणात आणि गोव्यात ज्या दिवशी मासे नसतात त्या दिवशी केळी, सुरण, नीरफणस यांचे काप माशांच्याच मसाल्यात मुरवून, पिठात घोळवून तव्यावर भाजतात. कच्चे केळे कंद नव्हे, आणि जैन स्वयंपाकात ते बटाट्याच्या जागी सर्रास वापरतात. त्यात गहू नाही, दूध नाही, कांदा-लसूण घालण्याची गरज नाही. आणि तुमच्या यजमानांना व दिरांना यात तिखटाची, आगळाची (कोकमाच्या आंबट रसाची) आणि तव्यावरच्या कुरकुरीत कडेची तीच चव मिळेल, जी त्यांना तळलेल्या सुरमईत आवडते. एखादा पदार्थ सर्वांना चालतो म्हणून तो मिळमिळीत असायलाच हवा, असा समज आपल्याकडे आहे, आणि हे काप तो समज सहज खोटा ठरवतात.

चौदा माणसांना भाजीची आठ केळी पुरतील. एका केळ्याचे तिरके कापलेले दहा-बारा काप होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सहा येतात. केळी हिरवीगार आणि घट्ट असावीत. ती एक दिवस आधीच आणावीत, त्याहून आधी आणली तर पिकायला लागून गोडसर होतात आणि मग काप तव्याला चिकटतात. सोलण्यापूर्वी हाताला आणि सुरीला तेल लावावे, नाहीतर चिकाचे काळे डाग दोन दिवस जात नाहीत. साल काढून साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीचे तिरके काप करावेत आणि ते लगेच मिठाच्या पाण्यात टाकावेत, म्हणजे काळे पडत नाहीत. काप निथळून घेतले की त्यांना मीठ, हळद, लाल तिखट, थोडी धने-जिरेपूड आणि कोकमाचे आगळ चोळावे आणि वीस मिनिटे मुरू द्यावेत. आगळात मीठ असते, तेव्हा वरून मीठ घालताना हात आखडता ठेवावा. तिखट मात्र साध्या मिरचीचेच असावे. कांदा-लसूण मसाल्याचा डबा त्या दिवशी ओट्यावर ठेवूच नये, कारण घाईत हात सवयीने तिकडेच जातो, आणि मग सगळीच मेहनत वाया जाते.

मुरलेले काप घोळवण्यासाठी आपण नेहमी रवा आणि तांदळाचे पीठ एकत्र करतो. येथे रवा पूर्ण वगळायचा आहे, कारण तो गव्हाचा असतो. नुसत्या बारीक तांदळाच्या पिठाने काप थोडे गुळगुळीत होतात; कुरकुरीतपणा हवा असेल तर पिठात इडलीचा तांदूळ रवा एकास एक मिसळावा. हे पीठ गिरणीतून दळून आणू नये, कारण ज्या जात्यावर आधी गहू दळले गेले त्यावर दळलेल्या तांदळातही गहू उतरतो. पाकीट विकत घ्यावे आणि त्यावर ग्लूटेनमुक्त असल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. आपल्या देशात असा दावा करायचा असेल तर पदार्थातले ग्लूटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये, असा नियम आहे. तेवढ्या शोधाला वेळ नसेल तर तांदूळ धुवून, सावलीत वाळवून, स्वच्छ मिक्सरमध्ये रवाळ दळले तरी उत्तम. तिखट, हळद आणि धने-जिरेपूड यांच्या बाबतीतही रोजच्या मिसळणाच्या डब्यातले न घेता नवी पाकिटे उघडावीत, कारण त्या डब्यात हिंगाचा आणि पोळीच्या पिठाचा हात रोज जात असतो.

तव्याविषयीही काळजी घ्यावी लागेल. ज्या लोखंडी तव्यावर रोज पोळ्या होतात त्यावर कितीही घासले तरी पिठाचा अंश राहू शकतो, आणि तुमच्या घरी त्यावर मासेही तळले जात असतील. म्हणून या कामासाठी एखादा स्टीलचा पसरट तवा वेगळा काढावा किंवा नवा आणावा. उलथणे आणि चिमटाही स्वच्छ, धातूचेच असावेत, लाकडी नकोत. तेल नवे ओतावे. मध्यम आचेवर, तव्यावर पसरलेल्या तेलात, एका बाजूने तीन-चार मिनिटे आणि मग उलटून तितकाच वेळ काप भाजावेत. सुरुवातीची दोन मिनिटे झाकण ठेवले तर आतून शिजतात, आणि झाकण काढल्यावर कडा तांबूस होऊ लागतात. एका वेळी तव्यावर गर्दी केली तर ते वाफवल्यासारखे होतात, तेव्हा पसरून घालावेत. पहिला घाणा निघाल्याबरोबर तुमच्या भाचीचे काप एका झाकणाच्या डब्यात बाजूला काढावेत. ताट पाहुण्यांत फिरू लागले आणि कोणी करंजी खाल्लेल्या हाताने त्यातला काप उचलला, तरी तिचा वाटा सुरक्षित राहील.

सासऱ्यांसाठी दोन केळी सालीसकट सात-आठ मिनिटे उकडून मग त्यांचे काप करावेत. ते वरून तितकेच खमंग होतात, पण कवळीला जड जात नाहीत. मधुमेहाच्या दृष्टीने सांगायचे, तर कच्च्या केळ्यात साखर कमी असली तरी पिष्ट भरपूर असते, आणि वर तांदळाचे पीठ आहेच. त्यांनी तीन-चार काप घ्यावेत, सोबत काकडीच्या फोडी घ्याव्यात आणि नंतर पानातला भात तेवढा कमी करावा. त्यांचे ताट वेगळे करण्याची गरज नाही. त्यांच्या शेजारी काकडी ठेवली की पुरे.

तोंडी लावायला ओल्या खोबऱ्याची पांढरी चटणी करावी : खोबरे, हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि लिंबाचा रस. कोथिंबीर, आले आणि दही यांपैकी काहीही त्यात नको. पेयासाठी सोलकढी करावी, फक्त लसणाशिवाय. नारळाचे दूध, आगळ, मिरची आणि जिरे एवढ्यावर ती चांगली जमते आणि दूधदुभते सोडलेल्या भाच्यालाही ती चालते. सणासुदीच्या बहुतेक पदार्थांत दूध-तूप असल्यामुळे अशा मुलांना दर वेळी बाजूला सरावे लागते. सगळ्यांच्या हातात एकच वाटी आली, तर त्या मुलाला आपली वेगळी व्यवस्था केली आहे असे वाटणार नाही.

आता मासे. तुमच्या यजमानांची आणि दिरांची आवड खरी आहे आणि तिचा मान ठेवायला हवा. पण नणंदेच्या सासूबाई घरात असताना, त्याच स्वयंपाकघरात, जेवणाआधी कोळंबी तळली जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ तवा वेगळा ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तळणीचा वास घरभर जातो आणि ज्यांनी जन्मात मांसाहार केला नाही त्यांच्या घशाखाली मग घास उतरत नाही. दिवाळी हा महावीरांचा निर्वाणदिन म्हणून जैनांचाही मोठा सण आहे. अमावास्येला त्यांच्याकडे निर्वाणलाडू अर्पण होतो आणि त्यानंतर दोनच दिवसांनी त्या तुमच्या दारी येत आहेत. पाचची पंगत झाली आणि पाहुणे सांगलीला परतले किंवा दुसऱ्या कोणाकडे मुक्कामाला गेले, की रात्री नऊला त्याच आगळात आणि त्याच मसाल्यात मुरवलेली कोळंबी दोघा भावांनी स्वतः तळावी आणि निवांत खावी. पाहुणे तुमच्याकडेच राहणार असतील तर मासे दुसऱ्या दिवशी, ते निघाल्यावर. हे यजमानांशी आत्ताच बोलून घ्यावे, कारण सणाच्या दिवशी ऐन वेळी या विषयावरून झालेला वाद पाहुण्यांच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही.

सासूबाईंचा प्रस्ताव मोडला गेला अशी भावना त्यांच्या मनात राहू नये, यासाठी काप भाजण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे असे मी सुचवेन. मालवणी घरातल्या बाईचा काप उलटण्याचा अंदाज आपल्याहून पक्का असतो, आणि आगळ किती घालायचे हे त्या चमच्याने न मोजता सांगतील. कोथिंबीर वडी कार्तिक पौर्णिमेनंतरच्या एखाद्या रविवारी जरूर करावी. तेव्हा कोथिंबीरही जुडी-जुडीने स्वस्त झालेली असते.

बेत पक्का करण्यापूर्वी नणंदेला एक फोन करावा, आणि ‘तुम्हाला काय चालते’ असा मोघम प्रश्न न विचारता नेमके विचारावे. त्या दिवशी हिरव्या भाज्या चालतात का? हळदीची पूड चालते का? बहुतेक घरांत वाळलेली हळद चालते, ओली चालत नाही. आदल्या दिवशीचे वाटण चालते का? नाही म्हणाल्या तर चटणी त्याच दिवशी वाटावी. सांगली-कोल्हापूरकडची जैन कुटुंबे बहुतांशी दिगंबर असून त्यांच्यात अष्टमी आणि चतुर्दशीचे नेम प्रामुख्याने पाळले जातात. अनेक श्वेतांबर घरांत मात्र बीज, पाचम, आठम, अगियारस आणि चौदस या तिथींना हिरवी भाजी घेत नाहीत, आणि भाऊबीज ही तर बीजच. शिवाय एकाच घरात सुनेचे नेम वेगळे आणि सासूबाईंचे अधिक कडक असे असू शकते, म्हणून शक्य झाल्यास नणंदेने सासूबाईंना विचारूनच उत्तर द्यावे असे तिला सांगावे.

समजा त्या दिवशी कच्चे केळेही चालणार नाही असे उत्तर आले, तर मूगडाळीची भजी करावीत. पिवळी मूगडाळ निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुवून त्याच दिवशी सकाळी तीन तास भिजवावी, पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटावी आणि त्यात भरडलेले धने, मिरे, जिरे, लाल तिखट आणि मीठ घालून हाताने चांगली फेसावी, म्हणजे सोडा न घालताही भजी हलकी होतात. हिंग घालू नये. येथेही कढई, झारा आणि तेल यांची तीच काळजी घ्यावी, आणि चौदा जणांसाठी अर्धा किलो डाळ भिजवावी. खोबऱ्याच्या चटणीतली हिरवी मिरची काढून त्या जागी मिरे घातले की चटणीही निभावते. सोलकढीतही मिरचीऐवजी मिरेच घालावेत.